मुळांशी रस्सीखेच

तुळजापूर हे वाटांचे गाव. सोलापूरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ५२ सुमारे ४५ किलोमीटरवर बालाघाट डोंगररांगेच्या या कडेला येतो आणि पुढे धाराशिवकडे जातो. राष्ट्रीय महामार्ग ३६१ तर इथूनच सुरू होतो आणि लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरजवळच्या बुटीबोरीला पोहोचतो. कोजागरीला इथल्या देवीच्या दर्शनासाठी सोलापूरकडून पायी येणाऱ्यांची रांग याच रस्त्यावर लागते. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रस्त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ऑगस्ट २०१४ मध्ये सोलापुरात झाली आणि ९ जानेवारी २०१९ रोजी या टप्प्याचे लोकार्पण झाले. कुठलाही जुना रस्ता रुंद करायचा म्हटले की पहिली कुऱ्हाड कडेच्या चिंचा, लिंब आणि वडांवर पडते. खोड आणि फांद्या वजनावर विकल्या जातात, ट्रक भरून निघून जातात. जमिनीत उरतो तो बुडखा, आणि तो कोणालाच नको असतो.

रस्ता बांधणाऱ्याला तो तसाच गाडून टाकता येत नाही. लाकूड कुजते, कुजले की पोकळी होते, आणि पोकळीवरचा रस्ता खचतो. म्हणून केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या बांधकाम नियमावलीत अट आहे, की रस्त्याच्या भरावाचा जो सर्वांत वरचा मातीचा थर असतो, त्याच्या तळापासून खाली ५०० मिलिमीटरच्या आत बुडख्याचा भाग राहता कामा नये. झाड काढण्याचे पैसेही घेराप्रमाणे ठरतात. जमिनीपासून एक मीटर उंचीवर घेर मोजायचा; ३०० ते ६०० मिलिमीटर, ६०० ते ९००, ९०० ते १८०० आणि त्याहून मोठा, असे गट असतात. कंत्राटदाराकडे पोकलेन असते. तिच्या बकेटने चारी बाजूंनी उकरले की मोठमोठे बुडखे निघतात, आणि जिथे पोकलेन जाते तिथे दुसरे काही शोधण्यात अर्थ नाही.

प्रश्न येतो तो पोकलेन जात नाही तिथे. वाड्याच्या मागची अरुंद बोळ, विहिरीच्या काठावरचा लिंब, दोन शेतांमधला बांध, उभ्या पिकाच्या पलीकडचा कोपरा. अशा ठिकाणी यंत्र जवळ नेण्याऐवजी दोर जवळ नेता येतो. महामार्गावर उलटलेले ट्रक सरळ करणाऱ्या, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या रिकव्हरी गाडीवर विंच असते: एक ड्रम, त्यावर गुंडाळलेला वायररोप, आणि तो सावकाश पण निग्रहाने गुंडाळणारी मोटर. गाडी ३० मीटर लांब पक्क्या जागी उभी राहते आणि दोर आत जातो. या प्रकरणात मांडायचे आहे ते एवढेच, की या कामात विंचची ताकद हा सगळ्यात सोपा भाग आहे. बुडखा निघतो तो मुळ्या तोडण्याच्या क्रमाने आणि दोर बांधण्याच्या हिशेबाने. आणि माणसे जखमी होतात तीही याच हिशेबात चूक झाल्यामुळे.

आधी जमीन. तुळजापूर बालाघाटाच्या धारेवर आहे. इथे बऱ्याच ठिकाणी वीतभर-हातभर मातीखाली मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. अशा जागी सोटमूळ खाली जाऊ शकत नाही. ते वळते, आडवे पसरते, आणि खडकाला जिथे भेग असेल तिथे बोटे घालते. असा बुडखा निघतो तेव्हा मुळांच्या रुंद, चपट्या थाळीसकट उलटतो. पण एखादे मूळ भेगेत गेलेले असेल तर तेवढे एक मूळ साऱ्या दोराला दाद देत नाही. ते शोधून तोडावेच लागते. खाली ओढ्यानदीच्या काठच्या भारी काळ्या रानात उलटे असते. तिथे लिंब आणि बाभूळ खोल उतरतात, आणि उन्हाळ्यात ती माती एवढी आवळते की पहार वाजते. भर पावसात तीच माती मऊ होते खरी, पण तेव्हा गाडीच रुतते. वाफसा आला की काम करावे, असे कुठलाही शेतकरी सांगेल, आणि ते अगदी बरोबर आहे: मुळांभोवतीची माती सुटायला तयार असते आणि चाकाखालची माती धरायला. मृगाचा पाऊस होऊन उघडीप मिळाली की एक संधी, परतीच्या पावसानंतर दुसरी. कोरड्या दिवसांत काम अडले असेल तर बुडख्याभोवती चर खणून आदल्या दिवशी मोटारीच्या पाइपने पाणी सोडावे. त्याने माती मऊ होते, शिवाय मुळांवरची वाळू धुतली जाते. ती धुतली नाही तर चेनसॉच्या साखळीची धार काही मिनिटांत जाते.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. झाड तोडणारा सवयीने खोड अगदी जमिनीलगत कापतो, कारण जितके खाली कापावे तितके लाकूड जास्त मिळते. बुडखा काढायचा असेल तर हे करू नये. डोक्याइतके खोड उभे ठेवावे. कारण दोर खोडाला ओढत नसतो, तो खोडाची तरफ करून मुळांना उलटवत असतो. उलटताना बुडखा ज्या बिंदूभोवती फिरतो तो जमिनीखाली साधारण अर्धा मीटर आहे असे धरू. दोर जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर बांधला तर तरफेचा हात ०.८ मीटरचा, दीड मीटरवर बांधला तर २ मीटरचा. त्याच ओढीत अडीचपट जोर, तोही एक पैसा न खर्चता. तोडणाऱ्याला मिळालेले थोडे जास्त लाकूड आणि बुडखा काढणाऱ्याचा वाढलेला खर्च यांची तुलना केली तर आधीच बोलून ठेवणे किती फायद्याचे आहे ते दिसते.

खोड आधीच खाली कापलेले असेल तर खेड्यातली एक जुनी युक्ती कामी येते. ट्रकच्या चाकाची रिकामी डिस्क बुडख्याला खेटून, दोराच्या बाजूला उभी करायची. साखळी बुडख्याला पलीकडून खाली बांधून डिस्कवरून पुढे घ्यायची. आता आडवी ओढ डिस्कवर चढते आणि बुडख्यापाशी वरच्या दिशेला वळते. माती फोडून मुळांना बाजूला ढकलण्यापेक्षा वर उचलणे सोपे असते, कारण वरच्या बाजूला अडवायला काही नसते.

मुळ्या तोडण्यालाही क्रम आहे. वादळात झाड पडते तेव्हा त्याला धरून ठेवतात त्या प्रामुख्याने वाऱ्याकडच्या बाजूच्या, ताणल्या जाणाऱ्या मुळ्या. बुडख्याच्या बाबतीतही तेच: दोर ज्या दिशेला ओढतो तिच्या उलट बाजूच्या मुळ्या आधी उघड्या करून तोडायच्या. ओढीच्या बाजूच्या मुळ्या बिजागरीसारख्या असतात, त्या शेवटपर्यंत राहिल्या तरी चालतात. पहारीने टोचत टोचत जाड मुळ्या शोधाव्यात, माती बाजूला करावी, प्रत्येक जाड मूळ दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढून टाकावा. हे काम अर्धा दिवस खाते आणि कंटाळवाणे असते, म्हणून ते टाळण्याचा मोह होतो. टाळू नये. मुळ्या न तोडता नुसते ओढत राहिले तर दोर, तो जोडणारी पिनेची कडी म्हणजे शॅकल, किंवा गाडी यांपैकी काहीतरी आधी हार मानते.

ओढण्याच्या विद्येत आपला भाग नवखा नाही. मोटेचा नाडा चाकावरून जायचा आणि बैल धावेच्या उतारावर चालायचे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वजनाची मदत मिळायची. विहीर खोदताना यारी लागते: उभा खांब, तिरका हात, ड्रम, वायररोप, आणि खालून दगडाचे टोपले वर आणणारे इंजिन. यारीवर काम केलेल्या माणसाला विंच वेगळी शिकवावी लागत नाही. विजेच्या तारा ओढणाऱ्या कामगारांकडे हाताने चालवायचे टर्फर असते. दांडा मागेपुढे केला की ते दोरावर थोडे थोडे पुढे सरकते. लहान बुडख्याला, घाई नसेल तर, मी टर्फरच निवडेन. हाताला जोर जाणवतो, आणि काही चुकते आहे हे दोर तुटण्याआधी कळते.

गाडीवरच्या विंचचा उगम मात्र अमेरिकेतला. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावात अर्नेस्ट होम्स नावाचा गॅरेजवाला होता. १९१६ साली ओढ्यात पडलेली ओळखीच्या माणसाची मोटार काढायला त्याला अर्धा डझन माणसे, दोर आणि ठोकळे घेऊन दिवसाचा बराच भाग झगडावे लागले. त्यानंतर त्याने १९१३ च्या कॅडिलॅक गाडीवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवली. ओढणाऱ्या गाड्यांचे संग्रहालय आजही त्याच गावात आहे. होम्सच्या पुढच्या गाड्यांना दोन स्वतंत्र हात असत. एका हाताने ओढायचे आणि दुसऱ्या हाताचा दोर विरुद्ध बाजूच्या झाडाला बांधायचा, म्हणजे गाडी स्वतःच ओढली जाणार नाही. आपल्या विषयाचा गाभा त्या दुसऱ्या हातात आहे.

कारण दोर दोन्ही टोकांना सारखाच ओढतो. कोरड्या मातीवर ब्रेक लावून उभी असलेली गाडी तिच्या वजनाच्या साधारण निम्म्या ओढीला घसरू लागते. ७ टनांची गाडी म्हणजे साडेतीन टन. विंच ८ टनांची असली तरी साडेतीन टनांना गाडी बुडख्याकडे निघते. चाकांपुढे दगड लावले तर थोडे वाढते. मग कप्पी येते. बुडख्याला कप्पी बांधायची, विंचचा दोर तिच्यातून फिरवून परत आणायचा, आणि त्याचे टोक पक्के बांधायचे. विंचने ३ टन ओढले की बुडख्यावर जवळपास ६ टन पडतात. कप्पीच्या घर्षणात थोडे जातात आणि वेग निम्मा होतो, जे इथे चांगलेच आहे. पण ते टोक कुठे बांधले यावर सगळे अवलंबून असते. टोक परत गाडीलाच बांधले तर गाडीवरही ६ टन येतात आणि ती घसरते. टोक दुसऱ्या झाडाला किंवा जमिनीत गाडलेल्या ओंडक्याला बांधले तर गाडीवर ३ आणि त्या झाडावर ३ अशी वाटणी होते. दोर तोच, कप्पी तीच, विंच तीच. फक्त एक गाठ हलवली. ज्या झाडाला बांधायचे ते जिवंत ठेवायचे असेल तर तिथे वायररोप लावू नये. रुंद पट्टा लावावा, खोडाच्या अगदी तळाशी. तार सालीत रुतली आणि साल गोल कापली गेली तर ते झाडही मरते, आणि एक बुडखा काढताना दुसरा तयार होतो.

कप्पी जोर वाढवते तशी ती धोक्याची जागाही बदलते, आणि हे अनुभवी माणसांच्याही लक्षात राहत नाही. दोरात ३ टन आहेत, पण कप्पीला बुडख्याशी जोडणाऱ्या शॅकलवर ६ टन आहेत. १९ मिलिमीटरच्या चांगल्या बो-शॅकलची मर्यादा पावणेपाच टनांच्या आसपास असते. दोराला ती पुरते, कप्पीला पुरत नाही. तिथे २५ मिलिमीटरची, साडेआठ टनांची शॅकल हवी. मर्यादेचा आकडा शॅकलच्या अंगावर कोरलेला असतो. ज्या शॅकलवर आकडा नाही ती भंगारात घालावी. खिळा किंवा वाकवलेली सळई पिनेच्या जागी कधीही घालू नये.

दोराचेही तसेच. पोलादी गाभ्याचा १२ मिलिमीटरचा वायररोप साधारण ९ टनांना तुटतो, १६ मिलिमीटरचा १६ टनांना. कामाची मर्यादा तुटण्याच्या ताकदीच्या पाचव्या हिश्श्याएवढी धरायची असते. म्हणजे १२ चा दोर पावणेदोन-दोन टनांपर्यंत आणि १६ चा तीन-सव्वातीन टनांपर्यंत. वरच्या उदाहरणातले ३ टन १६ च्या दोराचे काम आहे. हे आकडे नव्या दोराचे. मोडक्या तारा बाहेर आलेला, पीळ सुटलेला, एका जागी घडी पडून बसलेला दोर यात मोजायचाच नाही. टोकाचा फास यू-क्लॅम्पने करायचा असेल तर किमान ३ क्लॅम्प लावावेत, आणि तिन्हींचे सपाट खोगीर ओढ येणाऱ्या लांब दोरावर, यू चा वाकलेला भाग आखूड टोकावर. उलटे लावले तर यू ओढीचा दोर चिरडतो.

विंचच्या पाटीवरचा आकडाही पूर्ण खरा नसतो. तो ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. २०० मिलिमीटरच्या ड्रमवर १६ चा दोर चौथ्या थरावर चढला की ड्रमचा व्यास जणू वाढतो आणि ८ टनांचे साडेपाच होतात. म्हणून गाडी जवळ उभी करून थोडासा दोर सोडण्यापेक्षा ती लांब उभी करून बराचसा सोडलेला बरा, फक्त ड्रमवर ५ वेढे शिल्लक राहिले पाहिजेत, कारण टोकाचा खिळा ओढीसाठी केलेला नसतो.

आता जीवावरची गोष्ट. ताणलेल्या दोरात शक्ती साठलेली असते आणि दोर तुटला की ती क्षणात सुटते. २० मीटर लांब, १६ मिलिमीटरचा वायररोप ३ टनांना जेमतेम ५ सेंटिमीटर ताणतो. त्यात सुमारे ७५० जूल साठतात, म्हणजे ५० किलोचे पोते दीड मीटर उंचीवरून पडावे तेवढे. त्याच ओढीला १५ टक्के ताणणारा नायलॉनचा दोर असेल तर तो ३ मीटर लांबतो आणि ४५ हजार जूल साठवतो. एक टनाची मोटार ताशी ३४ किलोमीटर वेगाने अंगावर येण्याइतके ते आहे. नायलॉन मऊ असतो म्हणून सुरक्षित, हा समज किती घातक आहे ते या दोन आकड्यांवरून कळावे. दोर ताणात असताना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कोणी उभे राहू नये, आणि कप्पीवरून वळलेल्या दोराच्या आतल्या कोनात तर मुळीच नाही. दोराच्या मध्यावर ओली गोणपाटे किंवा जाड चटई टाकावी; तुटला तर त्याची झेप खाली येते. गावात असे काम निघाले की मुले गोळा होतात. त्यांना लांब ठेवायला एक माणूस वेगळा नेमावा, आणि त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये.

विंच चालवताना झटके देऊ नयेत. दोर सैल सोडून गाडी पुढे दामटली तर झटक्याचा ताण सरळ ओढीच्या कितीतरी पट होतो. सावकाश ओढावे, थांबावे, बघावे. बुडखा हलतो, एखादे मूळ तारेसारखे ताठ होते. ते कापण्याचा मोह तिथल्या तिथे होतो, आणि अपघात नेमका तिथे होतो: ताणलेले मूळ तुटले की बुडखा उडी मारतो. आधी बुडख्याखाली दगड किंवा ओंडका सरकवून तो टेकवावा, दोर सैल करावा, माणूस आत जाऊन मूळ कापेल, बाहेर येईल, मग पुन्हा ओढ. दहा वेळा असे करावे लागले तरी चालेल.

हायड्रा क्रेनने बुडखा वर उपटण्याचा प्रकार मात्र पूर्ण टाळावा. क्रेन मोकळे, ज्ञात वजन उचलण्यासाठी असते. जमिनीत अडकलेल्या बुडख्याचे वजन कोणालाच माहीत नसते; तो सुटत नाही तोवर क्रेनची मागची चाके उचलली जातात, आणि अचानक सुटला तर हात मागे झेपावतो. चालक कितीही तरबेज असला तरी हे दोन्ही धोके त्याच्या हातात नसतात.

या सगळ्याच्या आधी कागद. तुळजापूर नगर परिषदेच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. शेतातही आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग अशा झाडांसाठी १९६४ च्या कायद्याखाली परवानगी लागते. बुडखा काढायला बोलावलेल्या विंचवाल्याने तोडीची परवानगी बघायला मागावी, हे मी आग्रहाने सांगेन. कारण पुष्कळदा झाड वाचवता येते. २०२० मध्ये रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामात सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा सुमारे ४०० वर्षांचा वड जाणार होता. लोक उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलली. तुळजापूरचा ३६१ हाही रत्नागिरी–नागपूर वाटेचाच पुढचा भाग आहे. अशी झाडे या साऱ्या वाटेवर आहेत.

बुडखा बाहेर आल्यावर तो लगेच ट्रकवर चढवू नये. त्यात अडकलेले दगड आणि माती काढली की वजन बरेच उतरते, आणि दगडासकट करवतीखाली गेला तर पाते जाते. चिंचेचा निरोगी बुडखा जळणात घालणे वाया घालवणे आहे. त्याचे लाकूड चिवट आणि जड, खाटकाच्या ठोकळ्याला आणि तेलघाण्याला चालणारे. खड्ड्यात मागे राहिलेल्या जाड मुळ्या शोधाव्यात. लिंब, सुबाभूळ आणि वेडी बाभूळ यांचा जमिनीलगतचा गड्डा राहिला तर पुढच्या पावसात तिथूनच फुटवे येतात, म्हणून तो गड्डा पूर्ण निघाला आहे ना हे हाताने चाचपून बघावे. मग खड्डा एकदम न भरता वीतवीतभर मुरमाचे थर टाकून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकत वर यावे. शेतात वरची हातभर माती बाजूला ठेवलेली असेल तर तीच शेवटी पसरावी आणि जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावी, कारण दोन पावसाळ्यांत ती तेवढी बसते.